मासा लागतो पण गाठीपाशीच तंगूस जातो, गळाला गाठ कोणती मारता?

गरीवाला_गोंदिया
नमस्कार मंडळी, मी अर्जुनी मोरगावकडचा. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर गरी टाकतो, मच्छीमार सोसायटीला विचारूनच. पंधरा दिवसांत तीन मोठे मासे गेले माझे, तिन्ही काठाजवळ येऊन. कालचा तर कतला होता, पाण्यावर आडवा झाला तेव्हा त्याचं ते मोठं डोकं मी डोळ्यांनी पाहिलं, जाळी हातात घेतली अन् काडी एकदम हलकी. गळ त्याच्या तोंडातच राहिला याचं जास्त वाईट वाटून राहिलं. तंगूस म्हणजे गरीचा नायलॉनचा दोरा ०.३५ मिलिमीटरचा, नवीनच आहे, हातानं ओढून पाहिला तर मधे कुठंच तुटत नाही, जातो तो गळापाशीच. मी नेढ्यातून टोक काढून दोन-तीन निरगाठी मारतो, लहानपणापासून तशीच मारत आलो, छोट्या माशाला कधी काही झालं नाही. पक्की गाठ कोणती ते नीट लिहून सांगा, व्हिडिओत हात इतके भरभर चालवतात की समजतच नाही.

वैनगंगाकाठ
भाऊ, गाठीचं नंतर सांगतो, आधी सांग तुटलेलं टोक पाहिलं का? ते स्प्रिंगसारखं वळलेलं असेल तर गाठ तुटली नाही, सरकून सुटली. कापल्यासारखं सपाट असेल तर गाठीतच तुटला. अन् टोकाच्या वर वीतभर खरबरीत लागत असेल तर दगडाला नाहीतर पाण्यातल्या खुंटाला घासला, मग गाठीचा दोष नाही.

गरीवाला_गोंदिया
दादा आत्ताच पाहून आलो, काडी तशीच ठेवली होती. कालचं टोक सपाट आहे, अन् थोडं पांढरट, कडक झालंय. पण आधीचे दोन गेले तेव्हा टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं होतं हे आठवतं. म्हणूनच यावेळी गाठ मारल्यावर उरलेलं टोक माचिसनं जाळून गुंडी केली होती, सरकू नये म्हणून.

वैनगंगाकाठ
सापडलं मग. आधीचे दोन सरकून गेले, अन् सरकणं थांबवायला तू आग लावली तर बाजूचा तंगूसच भाजला. नायलॉनला उष्णता चालत नाही. टोक जाळणं बंद कर, क्लिंच नावाची गाठ शिक. नेढ्यातून टोक वीतभर काढ, मूळ तंगूसभोवती पाच-सहा वेढे दे, मग टोक मागे आणून नेढ्याजवळ जो छोटा फासा राहतो त्यातून काढ, असं केल्यावर एक मोठा फासा तयार होतो त्यातूनही काढ. आता ही गाठ थुंकी लावून ओली कर, अन् मूळ तंगूस हळूहळू ओढ. कोरडी ओढली तर वेढे एकमेकांवर घासून तापतात, तिथंच अर्धी ताकद जाऊ शकते, अन् बाहेरून काही दिसत नाही. वेढे एकाशेजारी एक नीट बसलेले दिसले पाहिजे, एकावर एक चढलेले दिसले की कापून टाक अन् पुन्हा मार, आळस करू नको. टोक दोन-तीन मिलिमीटर ठेव.

चांदा_मरळवाला
क्लिंच तंगूससाठी झकास, पण कुणी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, वापरत असेल तर त्यावर तिचा भरवसा नाही, ब्रेड गुळगुळीत असतो, सरकतो. मी मरळीला फ्रॉग, म्हणजे बेडकासारखं नकली आमिष, टाकतो, त्याला पालोमार गाठच मारतो. दोरी दुहेरी करून ते दुहेरी टोक नेढ्यातून काढायचं, दुहेरीचीच एक सैल निरगाठ मारायची, मग उरलेल्या फाशातून अख्खा गळ पार करायचा, ओलं करून ओढायचं. अंधारातही जमते. फक्त फ्रॉग मोठा असला तर फासा मोठा ठेवावा लागतो, थोडी दोरी वाया जाते.

झाडीपट्टीचा_काका
पोरांनो, वेढ्यांचं एक राहिलं. ०.२५ सारखा बारीक तंगूस असेल तर सहा-सात वेढे द्या, ०.५० चा जाड असेल तर चारच, जाडाला जास्त दिले की गाठ आवळतच नाही, सैल राहते अन् माशाच्या पहिल्या झटक्याले सरकते. अन् नेढं नसलेला, चपट्या डोक्याचा गळ असला तर क्लिंच चालत नाही, तंगूस गळाच्या दांडीवरच वेढून बांधावा लागते. मोठा मासा निघाला की शेवटचा हातभर तंगूस मी कापूनच टाकतो, गाठ नवी मारतो. ते कापलेले तुकडे खिशात घालून घरी आणा रे, तलावात नाही टाकायचे. आपल्या गोंदियात सारस उरले किती, त्यांच्या पायात हा तंगूस गुंतला की पक्षी मरूनच जाते.

गरीवाला_गोंदिया
काका, तुकड्यांचं माझ्या लक्षातच नव्हतं, आता डबीच ठेवतो. आज संध्याकाळी आंगणात पाहिलं करून. गळ खिळ्याला अडकवला, खाली बादली, मगानं पाणी ओतत गेलो. माझी जुनी गाठ चार लिटरच्या आसपास डोळ्यांसमोर सरकली, टोक तसंच वळलेलं. क्लिंच पहिल्यांदा वेढे चढले म्हणून कापली, दुसरी नीट बसली, सहा लिटर झाले तरी हलली नाही, पुढे बादलीच भरली.

झाडीपट्टीचा_काका
बरं केलं. पुढच्या वेळी तंगूस आधी तासभर पाण्यात भिजवून मग बादली लाव. नायलॉन पाणी पिते, ओला झाला की थोडा नरम पडते, अन् तलावात तो ओलाच असते.