बर्नलीचे उदाहरण
‘अपेक्षित गोल, म्हणजेच एक्सजी, हा नुसता आकड्यांचा खेळ आहे’ हे मत मला अर्धेच पटते. (एक्सजी म्हणजे फुटबॉलमधील प्रत्येक फटक्यावर गोल होण्याची शक्यता मोजून, किती गोल व्हायला हवे होते याचा काढलेला अंदाज.) प्रशिक्षक शॉन डाइच यांच्या बर्नली या इंग्लिश संघाने २०१७-१८ मध्ये अवघे ३९ गोल स्वीकारून प्रीमियर लीगमध्ये सातवा क्रमांक मिळवला, तेव्हा एक्सजीनुसार त्यांच्यावर बरेच अधिक गोल व्हायला हवे होते. परंतु मुख्यतः फटक्याचे अंतर आणि कोन मोजणाऱ्या एक्सजीच्या साध्या प्रारूपांना चेंडू आणि गोलजाळीच्या मध्ये दाटीने उभे राहणारे बचावपटू दिसतच नव्हते. तरीही पुढच्याच हंगामात ६८ गोल खाऊन तो संघ पंधराव्या स्थानी घसरला, त्यामुळे आकड्यांचा इशारा अगदीच पोकळ होता असेही म्हणवत नाही. अर्थात, गोलरक्षक निक पोप तेव्हा खांद्याच्या दुखापतीमुळे बहुतांश काळ बाहेर होता, हेही हिशेबात धरायला हवे.