आजीच्या पेटाऱ्यात जुनी नाणी मिळालीत, साफ करू की तशीच ठेवू?

हर्णैकर_नातू
नमस्कार मंडळी. आमचं घर हर्णैला, बंदरापासून दहा मिनिटांवर. आजी गेल्या वर्षी गेली, आता मे महिन्यात कौलं चाळायला काढली तेव्हा माळ्यावरून तिचा पेटारा खाली घेतला तर लुगड्यांच्या तळाशी बिस्किटांचा गंजलेला डबा आणि त्यात साठेक नाणी. बारा चांदीचे रुपये, थोडे राणीछाप थोडे जॉर्जचे, मग भोकाचे पैसे, तराजूचं चित्र असलेली तांब्याची काही, आणि सात शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी. चांदीची काळी पडलीयेत, तांब्याची कुठे चॉकलेटी कुठे हिरवी.
उत्साहाच्या भरात एक शिवराई मी चिंच-मीठ लावून घासली, आपण बंब घासतो तशी. दोन मिनिटांत गुलाबी झाली, वायर सोलल्यावर आतलं तांबं दिसतं ना तशी. पण ‘श्री’ची वेलांटी आधी गडद रेघेत स्पष्ट दिसत होती, ती आता बोट फिरवलं तरच कळते. पोटात गोळाच आला. बाकी एकालाही हात लावलेला नाही. विकायची नाहीत, पण नीट राहायला हवीत. मित्राने नाण्यांचा अल्बम दिलाय, मऊ प्लास्टिकच्या कप्प्यांचा, त्यात भरून टाकू का? आणि त्या घासलेल्या शिवराईचं काय करू?

देवबागचा_संग्राहक
थांबलात ते फार बरं केलंत. तीस वर्षं नाणी जमवतोय, माझं ठाम मत आहे की नाणं घासायचं नाही. चिंच नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट नाही, भांड्याची पावडर तर नाहीच नाही. तांब्यावरचा तो चॉकलेटी थर म्हणजे मळ नव्हे, ती नाण्याची कातडी आहे, हवेशी शंभर-दोनशे वर्षं संबंध येऊन धातूच्या वरच्या थराचीच झालेली. आम्ल तो थर खातं आणि त्याच्यासोबत अक्षरांच्या कडाही जातात. शिवराईचं तर असं की एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, पण ठसा बहुतेक वेळा नाण्यापेक्षा मोठा असायचा त्यामुळे प्रत्येक नाण्यावर अर्धीमुर्धीच अक्षरं येतात. महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकापासून ती पाडायला लागले आणि पुढे किती काळ किती ठिकाणी पाडत राहिले, त्यामुळे कुठली कुठल्या काळातली हे त्या वेलांटी-मात्रांच्या वळणावरूनच ओळखावं लागतं. ते वळणच घासून गेलं तर मग हातात उरतं काय, तांब्याचा तुकडा.
आता आधी त्या घासलेल्या शिवराईकडे बघा, ती सगळ्यात घाईची आहे. तुम्ही मीठ लावलंत, मीठ म्हणजे क्लोराइड, ते तांब्याच्या बारीक भोकांत बसतं आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की पोपटी रंगाची भुकटी यायला लागते, टोकरली की पडते आणि खाली खड्डा. हा रोगच आहे, आत आत खात जातो. आपल्याकडे समुद्रावरच्या वाऱ्यातच खार असतो म्हणून मीठ न लावताही लागतो. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा थर असेल तर काळजी नाही, फिकट आणि भुसभुशीत असेल तर ते नाणं आजच वेगळं काढा.
ती शिवराई डिस्टिल्ड वॉटरमध्ये काचेच्या वाटीत ठेवा, दोन दिवसांनी पाणी बदला, असं दोन-तीन आठवडे. विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको, आपल्या किनाऱ्याच्या विहिरी मचूळ असतात. गॅरेजमध्ये इन्व्हर्टरच्या बॅटरीत भरायचं पाणी मिळतं ते चालतं, फक्त पाणीच आणा, तिथे बॅटरीचं अ‍ॅसिडही असतं, लेबल वाचून घ्या. गेलेला रंग परत आणायचा नाद करू नका, वर्षा-दोन वर्षांत आपोआप चढतो.
चांदीच्या रुपयांना पाण्याशिवाय काही करायचं नाही. तो काळेपणा म्हणजे हवेतलं गंधक आणि चांदी मिळून झालेला पातळ थर. सोड्याच्या गरम पाण्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घालून क्षणात पांढरे करायचे व्हिडिओ बघितले असतील, होतात पांढरे, पण टांकसाळीतून आल्यावरची जी फिरती झळाळी असते ती जाते आणि नाणं मेल्यासारखं दिसतं. जाणकार माणूस लांबूनच ओळखतो.

कुडाळी_नात
माझं थोडं वेगळं मत आहे. आमच्याकडे राणीछाप रुपया लक्ष्मीपूजनाला काढतात, पंचामृताने धुवायचा, आमसुलाच्या पाण्याने चोळायचा, हळदकुंकू वाहायचं. आजी म्हणायची, देवाक काळो रुपयो ठेवू नये. त्या रुपयावर राणीचं नाक जवळजवळ सपाट झालंय, पण चार पिढ्यांचे हात लागून झालंय ते, आणि मला तो तसाच आवडतो. हर्णैकर, तुमच्या आजीचा त्यातला एखादा देव्हाऱ्यातला असेल तर तो वेगळा ठेवा आणि खुशाल घासा.

देवबागचा_संग्राहक
कुडाळी ताई, हे पटलं. पूजेचा रुपया संग्रहाचा नाहीच मुळी, त्याला माझा नियम लागू नाही. फक्त बाकीच्या अकरांना आमसूल दाखवू नका.

चिपळूण_लॅब
मी केमिस्ट्री शिकवतो म्हणून अल्बमचं सांगतो. मऊ, वास येणारं प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, उष्णतेने आणि दमट हवेने त्यातून चिकट हिरवट द्रव सुटतो आणि नाण्याला खातो. तो अल्बम परत करा. मायलारचे कडक पारदर्शक कप्पे घ्या. आधीच काही चिकटलं असेल, किंवा कोणी खोबरेल लावून ठेवलं असेल, तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवा, तो तेल आणि प्लास्टिक विरघळवतो, धातूला काही करत नाही. केमिकलच्या दुकानातून आणा, नेलपेंट रिमूव्हर नको, त्यात रंग, सुगंध, तेल असतं. काचेची वाटी, उघडी खिडकी, आणि गॅस किंवा देवाचा दिवा जवळपास नको, भसकन पेट घेतो. पाण्यातून काढलेलं नाणंही शेवटी यात बुचकळलं तर आतला ओलावा निघून जातो. मग मऊ सुती कापडावर ठेवून नुसतं टिपायचं. डब्यात सिलिका जेल ठेवा, निळं गुलाबी झालं की तापवून परत वापरा, आपल्या पावसाळ्यात महिन्यात दोनदा बघावं लागतं. रबरबँड आणि वर्तमानपत्र चांदीजवळ नको, दोन्हींमुळे काळेपणा वाढतो.
रुपये खरे आहेत का हे सोनाराच्या काट्यावर बघा, 11.66 ग्रॅम भरतात म्हणजे एक तोळा, आपण रुपयाभार म्हणतो ते हेच. वापरलेला थोडा कमी भरेल. आणि 1947 चा रुपया लोहचुंबकाला चिकटला तर खोटा समजून टाकू नका, तो निकेलचाच आहे.

गुहागर_बागायतदार
एक विचारतो, सगळी घरच्या पेटाऱ्यातलीच ना? कलमांसाठी खड्डे खणताना जमिनीत मिळाली असती तर 1878 च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, दहा रुपयांहून जास्त किंमत असली की लगेच.

हर्णैकर_नातू
सगळी पेटाऱ्यातलीच, आजीने पुरचुंडीला गाठ मारून ठेवलेली. तीन आठवडे झाले म्हणून कळवतोय. अल्बम परत दिला. शिवराईचं पाणी नऊ वेळा बदललं, अजून पोपटी काही दिसलं नाही, गुलाबीपणा किंचित मंदावलाय. तराजूवाल्या एकावर मातीचा गोळाच बसला होता, तो पाण्यात मऊ झाला, मग भिंग घेऊन पाण्याखालीच करवंदीच्या काट्याने फक्त माती उचलली, धातूला काटा लागू दिला नाही. दोन संध्याकाळी गेल्या. आधी तराजूची एक पारडी दिसली, मग मध्ये फारसी अक्षरं, शेजारच्या चाचांनी वाचून दाखवलं, ‘अदल’, म्हणजे न्याय. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह आणि खाली 1833. चॉकलेटी रंग जसाच्या तसा आहे. आईला दाखवलं तर ती म्हणाली, हे आजी भातुकलीत वापरायला द्यायची आम्हाला.