मदत हवी आहे : प्राण्यांच्या परोपकाराची खात्रीशीर उदाहरणे

सस्नेह नमस्कार. सहावीच्या मुलांना परोपकार शिकवताना बोधकथांऐवजी प्रत्यक्ष निरीक्षणांचा आधार घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. गेल्या आठवड्यात शाळेमागच्या वडावर एका वानरीने दुसरीचे काळसर केसांचे तान्हे पिल्लू कितीतरी वेळ कुशीत सांभाळले, तेव्हा मुले खिडकीतून हलेनात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या शिकागो विद्यापीठातील प्रयोगात उंदरांनी कोंडलेल्या सोबत्याची सुटका केली आणि चॉकलेटमधला वाटाही त्याच्यासाठी ठेवला, हे मी त्यांना सांगणारच आहे. परंतु उदाहरणे आपल्या परिसरातली हवीत. आपण गुरे, कुत्री, कावळे यांच्यात स्वतः असे काही पाहिले असल्यास, पदरचे न घालता, स्थळकाळासह कृपया कळवाल का?