संशोधन करायचं की अंगणवाडीसाठी भांडायचं?

प्रश्न (मानसशास्त्र, पीएचडी, नाशिक)
माझा विषय द्राक्षबागांवरच्या मजुरांच्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा भाषाविकास. ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या दिंडोरी-निफाडकडे उतरतात. आईबाप बागेत, पोरं बांधावर, धाकट्याला सांभाळायला सात वर्षांची ताई. मी चित्रं दाखवते, शब्द मोजते आणि निघून येते. हे मला सहन होत नाही. वस्तीवर आहार मिळावा म्हणून पालकांसोबत अर्ज लिहायला बसले, तर ऐकावं लागलं, ‘तू तटस्थ राहिली नाहीस, डेटा वाया गेला.’ अभ्यास आणि चळवळ एकाच माणसाने करूच नये का?

निवृत्त प्राध्यापक, कॉलेज रोड
करावी. केनेथ आणि मेमी क्लार्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने काळ्या मुलांपुढे फक्त रंगाने वेगळ्या बाहुल्या ठेवल्या, बऱ्याच मुलांनी गोरी पसंत केली. केनेथ काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळांविरुद्धच्या खटल्यांत साक्षीला उभे राहिले आणि अशा शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या निकालाच्या तळटीपेत त्यांच्या लेखनाचा उल्लेख आला. पण अमेरिकेच्या उत्तरेतल्या मिश्र शाळांतली मुलंही गोरी बाहुलीच निवडत होती. हे आकडे त्यांच्या मुद्द्याला अडचणीचे, तरी त्यांनी छापले. म्हणूनच आजही त्यावर वाद घालता येतो. काय मोजणार ते आधी लिहून ठेव आणि जे निघेल ते छाप, अर्जाला उपयोगी नसलं तरी. गडचिरोलीत बंग दांपत्याने तेच केलं. 39 गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी, शेजारच्या 47 गावांशी तुलना, 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष.

अंगणवाडी सेविका, निफाड तालुका
ताई, आधी एक सांगा, चित्रं कोणत्या भाषेत विचारता? ही पोरं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. आमच्या पुस्तकी मराठीत विचारलं की गप्प बसतात, आणि कागदावर पोर मागं पडलेलं दिसतं. तेच पोर आपल्या थोरल्या बहिणीशी दिवसभर बडबडत असतं. तुम्ही वस्तीवर बसलात तर हे कळेल, नुसती चाचणी घेऊन नाही. आणि आहाराचं म्हणाल, तर बाहेरगावच्या पोरालाही देता येतो. टोळी आली की मुकादमाकडून पोरांची नावं घेऊन जवळच्या सेविकेला द्या.

समाजकार्य, पंचवटी
मला काळजी संमतीची वाटते. अर्ज लिहून देणाऱ्या बाईला आई नाही कशी म्हणेल? संमती तुम्ही घेऊ नका, कोकणा बोलणाऱ्या दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगा. चाचणीला नकार दिला तरी अर्जात नाव राहील, हे त्यांना पहिल्याच भेटीत कळू द्या.

प्रश्नकर्ती
कोकणाची गोष्ट वाचून मी हादरले. आतापर्यंतच्या चाचण्या प्रमाण मराठीतच झाल्या आहेत. त्या स्वतंत्र ठेवून, कोकणा बोलणाऱ्या मुलीला सोबत घेऊन त्याच मुलांची पुन्हा चाचणी घेते. दोन्ही निकाल शेजारी छापेन. पेठ किंवा सुरगाण्याचं कुणी इथे असेल तर कळवा, चित्रांची यादी तपासून हवी आहे.