लिफ्टची दरमहा देखभाल: मेकॅनिक बदलला तरी तपासणी तीच कशी राहील?

प्रश्न (सोसायटीचा सचिव, डोंबिवली)

नमस्कार. आमच्या सात मजली इमारतीत दोन लिफ्ट असून त्यांच्या देखभालीचा वार्षिक करार एका कंपनीशी आहे. वर्षभरात चार वेगवेगळे मेकॅनिक येऊन गेले. एकाने मशीनरूमपासून पिटपर्यंत (लिफ्टच्या तळाशी असलेला खड्डा) दीड तास काम केले, तर दुसरा केबिनची बटणे दाबून पाहून वीस मिनिटांत सही घेऊन गेला. सर्व्हिस रिपोर्टवर मात्र दोघांच्याही सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण होती. जूनमध्ये वीज गेली तेव्हा एक आजी पंचवीस मिनिटे आत अडकल्या, कारण वीज जाताच लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणाऱ्या एआरडीची बॅटरी निकामी झाली होती. त्याच महिन्याच्या रिपोर्टवर एआरडीपुढची खूण पाहून मी सही केली होती, ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे. सोसायटीने स्वतःचा तपासणी तक्ता करावा का, आणि तो कसा असावा?

उत्तर १ (निवृत्त लिफ्ट तंत्रज्ञ)

तक्ता अवश्य करा, पण त्यात खुणेला जागा ठेवू नका. काय केले आणि काय आढळले, हे लिहायला लावा. तुमच्या बॅटरीचेच घ्या. जुन्या बॅटरीचे व्होल्टेज भार नसताना मीटरवर ठीक दिसते आणि भार पडताच कोसळते, त्यामुळे नुसता मीटर लावणाऱ्याला दोष सापडत नाही. तक्त्यात असे लिहा: ‘रिकामी केबिन दोन मजल्यांच्या मध्ये असताना लिफ्टचा वीजपुरवठा बंद केला; केबिन कोणत्या मजल्यावर आली, दार उघडले का, किती सेकंद लागले.’ ही कृती न करता तो रकाना प्रामाणिकपणे भरताच येत नाही.

लेव्हलिंगचेही तसेच. केबिनची फरशी आणि मजल्याची लादी यांतील फरक प्रत्येक मजल्यावर पट्टीने मोजून मिलिमीटरमध्ये लिहावा, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा आकडा महिन्यागणिक वाढतो आहे हे नव्या मेकॅनिकलाही दिसेल. दारांची लॉक मात्र एखाद-दुसऱ्या मजल्यावर पाहून भागत नाही, कारण दार उघडे असताना लिफ्ट हलली तर माणूस जिवाला मुकतो.

सगळ्याच बाबी दरमहा घातल्या, तर कंटाळून पुन्हा खुणाच होतील. दार, लेव्हलिंग, ब्रेक, अलार्म, एआरडी आणि पावसाळ्यात पिटमधले पाणी दरमहा; दोरांचा व्यास, तुटलेल्या तारा वगैरे कंपनी ठरवील त्या अंतराने; गव्हर्नर (वेग मर्यादेबाहेर गेला की ओळखणारा भाग) आणि सेफ्टी गिअर (तेव्हा केबिन पकडून थांबवणारा भाग) यांची चाचणी वेगळ्या पानावर, तारखेसह.

उत्तर २ (सोसायटी व्यवस्थापक, पुणे)

वरील सूचना योग्यच आहे. मात्र उत्पादकाच्या यादीतली एकही बाब गाळू नये, आपली भर तिच्यावर घालावी. आम्ही असा तक्ता नूतनीकरणाच्या वेळी कराराला परिशिष्ट म्हणून जोडला, कारण अधेमधे दिलेला कागद मेकॅनिक मानत नाही. ‘झाले नाही, कारण’ असा रकाना ठेवल्यापासून सुटे भाग नसल्याची नोंद उघडपणे होऊ लागली आणि पुढची भेट त्या राहिलेल्या कामापासून सुरू होते. भरलेला तक्ता मशीनरूममध्येच राहतो, त्यामुळे नवा माणूस आधी मागचे तीन महिने वाचतो.

एक विनंती आहे: तपासणीच्या वेळी मेकॅनिकसोबत थांबणाऱ्या सभासदाने केबिनच्या छतावर किंवा पिटमध्ये उतरू नये. आपल्या तक्त्यामुळे राज्याच्या २०१७ च्या लिफ्टविषयक कायद्याखालील सरकारी तपासणी टळत नाही, हेही समितीला सांगून ठेवा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आमचा करार ऑक्टोबरमध्ये संपतो, त्याआधी मसुदा करतो. दोन लिफ्टसाठी एकच पान चालेल का?

उत्तर १ (निवृत्त लिफ्ट तंत्रज्ञ)

नाही. प्रत्येक लिफ्टचे पान वेगळे ठेवा आणि त्यावर लिफ्टचा क्रमांक आधीच छापून घ्या. एकाच पानावर दोन रकाने असले की पहिल्या लिफ्टचे आकडे दुसरीपुढे उतरवलेले मी अनेकदा पाहिले आहेत.