यशोदेचा हक्क कुठवर? फिनाली भावंडांचं प्रकरण

पाणवठा
फ्रान्समधल्या ग्रनोबलजवळची गोष्ट. व्हिएन्नाहून जीव वाचवून आलेले ज्यू डॉक्टर फ्रिट्झ फिनाली आणि त्यांची बायको यांना फेब्रुवारी १९४४ मध्ये पकडून आउशवित्झच्या नाझी मृत्युछावणीत नेलं. दोघं परतले नाहीत. मुलं वाचली. रोबेर तीन वर्षांचाही नव्हता, जेराल्ड दीड वर्षाचा. नगरपालिकेच्या पाळणाघराच्या प्रमुख आंत्वानेत ब्रन यांनी जिवावर उदार होऊन त्यांना ठेवून घेतलं. युद्ध संपल्यावर न्यूझीलंडच्या आत्याने मुलं मागितली. बाईंनी दिली नाहीत. १९४८ मध्ये बाप्तिस्मा करवला. १९५३ मध्ये कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला.

माझ्या मते मुलं बाईंकडेच राहायला हवी होती. एकदा आई तुटलेल्या पोरांची दुसरी आई का तोडायची?

सुईदोरा
यशोदेचं नाव घेऊ नका. यशोदेने कान्हाला अंगाखांद्यावर वाढवलं. ही पोरं बराच काळ कॅथलिक संस्थांच्या वसतिगृहांत होती. आणि निकालानंतर काय झालं, ते तुम्ही गाळलंत. काही पाद्र्यांनी मुलांना पिरेनीज पर्वत ओलांडून चोरून स्पेनमध्ये नेलं. ही माया?

शिवाय बापाने दोघांची सुंता केली होती. ज्या दिवसांत तेवढ्या खुणेवरून मुलगा पकडला जायचा, त्या दिवसांत! आपली मुलं कोण म्हणून वाढावीत, हे त्याने याहून स्पष्ट कसं सांगायचं?

पाणवठा
सुंतेचा मुद्दा बिनतोड आहे. पळवापळवीचं समर्थन मीही करत नाही. पण दहा-अकरा वर्षांचं पोर स्वतःला कॅथलिक समजतंय, आत्याला त्याने आयुष्यात पाहिलेलं नाही. त्याला कोणी विचारलं?

माजघर
मी दत्तक लेकीची आई आहे, म्हणून राहवत नाही. पोर हातातून जाईल ही भीती मला ठाऊक आहे. रात्री झोप लागत नाही. तरी मुलीला तिच्या जन्मदात्रीबद्दल जेवढं कळलं तेवढं मी सांगितलंय.

पाणवठा, मुलाला विचारा म्हणता, पण आत्याची पहिली मागणी आली तेव्हा थोरला जेमतेम चार वर्षांचा होता. मधली आठ वर्षं कोणी घालवली? आधी ओळख होऊ द्यायची नाही आणि मग ओळखत नाहीत म्हणायचं. हिटलरला या घरातलं एकही मूल ज्यू म्हणून उरायला नको होतं. ब्रनबाईंनी मुलं वाचवली, त्यांचे पाय धरावेत. पण बाप्तिस्म्याने त्या घराचं उरलंसुरलं नावही पुसलं जात होतं.

पाणवठा
आठ वर्षांचं पटलं. तरी त्या पोरांना स्टेशनावर रडताना डोळ्यांपुढे आणलं की माझं मत डळमळतं.

सुईदोरा
जुलै १९५३ मध्ये दोघं इस्रायलला दुसऱ्या आत्याकडे गेले. रोबेर पुढे बापासारखाच डॉक्टर झाला.