स्नेहलची पीएसआय मुलाखत : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

मीनाकाकू (बी-204): सर्वांना नमस्कार. आमची स्नेहल पीएसआयची, म्हणजे पोलीस उपनिरीक्षकाची, मैदानी चाचणी पास झाली. आता फक्त मुलाखत राहिली. तिला पुढे गुन्ह्यांच्या तपासातच काम करायचंय, डिटेक्टिव्ह म्हणा ना. ग्रुपवर खात्यातले, वकिलीतले जाणकार आहेत. तयारी कशी करावी, प्लीज सांगा.

कुलकर्णी (सी-101): अरे वा, स्नेहल, मनापासून अभिनंदन! पण डिटेक्टिव्हची वेगळी भरती असते का?

ओंकार (ए-403): नसते काका. एमपीएससीतून पीएसआय म्हणून निवड होते, मग नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत ट्रेनिंग, मग पोलीस ठाणं. ठाण्याचं डीबी (गुन्हे शोध) पथक, जिल्ह्यात एलसीबी म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा, शहरात क्राइम ब्रँच, पुण्याला मुख्यालय असलेलं सीआयडी, या सगळ्या नंतरच्या नेमणुका. मुलाखत 40 गुणांची. मैदानी आता पात्रतेपुरतीच आहे, त्यामुळे मेन्सचे मार्क आणि हे 40, एवढ्यावरच मेरिट लागतं. माझे दोन मित्र अगदी थोडक्यात राहिलेत, म्हणून सांगतो, या 40 ला कमी लेखू नकोस.

सावंत (ए-102): स्नेहल बेटा, नवीन तिन्ही कायदे तोंडपाठ कर. 1 जुलै 2024 पासून आयपीसीच्या जागी न्याय संहिता, सीआरपीसीच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता, पुरावा कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम, सगळं बदललं. खुनाच्या 302 चं 103 झालं, फसवणुकीच्या 420 चं 318. एकही कलम चुकता कामा नये.

कदमकाका (बी-501): सावंतसाहेब, कलमं यायलाच हवीत, त्यात वाद नाही. मी खात्यात असताना मुलाखत देऊन आलेली बरीच पोरं हाताखाली आली, त्यावरून सांगतो. कलमाचा आकडा सगळेच सांगतात. पॅनेलवर पोलीस खात्यातला वरिष्ठ अधिकारी असतो, तो बघतो की समोरची मुलगी उद्या ठाण्यात खुर्चीवर बसली तर फिर्यादीशी कशी वागेल आणि तिने केलेला तपास कोर्टात उभा राहील का. स्नेहल, आहेस का ऑनलाइन? एक प्रश्न विचारतो. सकाळी 7 ला फोन आला, रात्री बंद फ्लॅट फोडलाय, दागिने गेले. तू ड्युटीवर आहेस. काय करशील?

स्नेहल (बी-204): काका, लगेच टीम घेऊन जाईन. श्वानपथक आणि ठसेतज्ज्ञांना बोलवीन. सीसीटीव्ही बघीन. वॉचमन, घरकाम करणारी बाई वगैरे संशयितांना ताब्यात घेऊन चौकशी करीन.

कदमकाका (बी-501): पहिलं निम्मं उत्तर चांगलं. "संशयितांना ताब्यात घेईन" म्हणालीस की पॅनेल तिथेच अडवेल. वॉचमन संशयित कशावरून? बाई संशयित कशावरून? गरीब आहेत म्हणून? हा प्रश्न ते सरळ तोंडावर विचारतील आणि तुझ्याकडे उत्तर नसेल.

अ‍ॅड. शिर्के (सी-302): काकांना पूर्ण अनुमोदन. स्नेहल, कायदाही तेच सांगतो. घरकाम करणाऱ्या मावशींकडून माहिती हवी असेल तर त्या साक्षीदार आहेत, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 प्रमाणे महिलेला जबाबासाठी तिच्या राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. 15 वर्षांखालच्या मुलाला आणि 60 च्या वरच्या माणसालाही नाही. म्हणजे तू त्यांच्या घरी जायचं. आणि खरोखर संशयाला आधार असेल, अटकेची गरज नसेल, तर कलम 35(3) ची नोटीस देऊन हजर राहायला सांगायचं. "ताब्यात घेतो" हा शब्द सिनेमात बरा वाटतो. कायद्याच्या नजरेत माणूस एकतर साक्षीदार असतो, नाहीतर आरोपी. आणि अटक केली तर 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर.

सावंत (ए-102): पण मॅडम, आपल्याकडे चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावरच जातो ना सगळ्यांचा.

अ‍ॅड. शिर्के (सी-302): जातो, आणि तेच थांबवायला अधिकारी लागतो, सावंतकाका. रहिवासी म्हणून आपण काहीही बोलू. तिच्या हातात नोंद करायची ताकद असणार आहे.

कदमकाका (बी-501): स्नेहल, आता मी क्रम लिहितो, पाठ करू नकोस, समजून घे. फोनची नोंद स्टेशन डायरीत. निघताना फिर्यादीला फोनवरच सांगायचं, कशालाही हात लावू नका, कपाट आवरू नका, एका खोलीत बसा. लोक घाबरून आधी घर आवरायला घेतात आणि ठसे पुसले जातात. पोचल्यावर एक अंमलदार दारावर उभा, आत कोण गेलं कोण आलं याची नोंद. मग ठसेतज्ज्ञ. घरातल्या चोरीची शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते, त्यामुळे फॉरेन्सिकच्या लोकांनाही बोलवायचं.

अ‍ॅड. शिर्के (सी-302): नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 176(3). सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी यायलाच हवं. हे लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलेली आहे, हेही सांग. अर्धवट माहिती असणाऱ्यांना नेमकं इथे पकडतात.

कदमकाका (बी-501): बरोबर. मग पंचनामा. याच्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण निम्म्या केसेस इथे पडतात. दोन पंच, शक्यतो त्याच भागातले आणि फिर्यादीचे नातेवाईक नसलेले. पंचनाम्यात नुसतं "दरवाजा तोडलेला दिसला" असं लिहायचं नाही. मुख्य दरवाजाचा कोयंडा उचकटलेला, वरचे दोन स्क्रू फरशीवर पडलेले, लॅच आतून शाबूत, चौकटीवर जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर लोखंडी हत्याराची खूण, असं. का? महिनाभराने आरोपीकडे कटावणी मिळाली तर त्या खुणेशी ती जुळवता यायला हवी. खूणच लिहिलेली नसेल तर कटावणी म्हणजे नुसतं लोखंड. तुटलेला कोयंडा जप्त करायचा, पाकिटात घालायचा, पाकिटावर पंचांच्या सह्यांचं लेबल, लाखेचं सील. आणि आता त्याच संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, मोबाइलवर केलेलं चालतं, पण ते विलंब न लावता मॅजिस्ट्रेटकडे गेलं पाहिजे.

स्नेहल (बी-204): काका, हे कोणत्याच नोट्समध्ये नव्हतं. लिहून घेतेय.

ओंकार (ए-403): सीसीटीव्हीबद्दल मी सांगतो. "फुटेज बघीन" एवढं पुरत नाही. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, काही दिवसांनी जुनं पुसून नवं लिहितो, म्हणून पहिल्याच दिवशी कॉपी घ्यायची, हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये बदल झाला की बदलणारा आकडा) काढायची आणि डिजिटल पुराव्यासाठीचं, साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट जोडायचं. आधीच्या कायद्यातलं 65-बी. सायबरच्या प्रश्नातही हेच येतं. पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला तक्रार, म्हणजे पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात.

सेक्रेटरी (सी-201): मध्येच लिहितो, माफ करा. उद्या सकाळी 9 ते 11 टाकी साफ होणार आहे, पाणी भरून ठेवा. चर्चा चालू द्या, उत्तम चाललीय.

देसाईआजी (बी-103): स्नेहल तू रसायनशास्त्रात पदवी घेतलीस ना गं? ते विचारतील का?

कदमकाका (बी-501): नक्की विचारतील आजी. पदवीचा पोलिसात काय उपयोग, हा ठरलेला प्रश्न.

स्नेहल (बी-204): मी वाचून ठेवलंय आजी. कागदावरचे ठसे निनहायड्रिनने जांभळे उमटतात, कारण घामातल्या अमिनो आम्लांशी त्याची क्रिया होते. ल्युमिनॉल रक्ताच्या अंशावर निळसर चमकतं, पण ब्लीचवरही चमकतं, म्हणून ती फक्त प्राथमिक चाचणी. रक्त लागलेला कपडा प्लॅस्टिकमध्ये ठेवायचा नाही, ओलाव्याने बुरशी धरते. सावलीत वाळवून कागदी पाकिटात.

कदमकाका (बी-501): शाब्बास! हे असंच बोल मुलाखतीत. ठशांचा इतिहासही सांग. जगातला पहिला फिंगरप्रिंट ब्युरो 1897 साली कलकत्त्याला सुरू झाला. ठशांच्या वर्गीकरणाच्या ज्या पद्धतीला हेन्री पद्धत म्हणतात त्यामागचं खरं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचं होतं. आपल्या माणसांचं काम आपणच सांगायचं नाही तर कोणी सांगायचं?

कुलकर्णी (सी-101): आणि आरोपीने गुन्हा कबूल केला की केस संपली ना? मग एवढा खटाटोप कशाला, हे मला खरंच कळत नाही.

अ‍ॅड. शिर्के (सी-302): काका, पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब त्या माणसाविरुद्ध कोर्टात वापरताच येत नाही. साक्ष्य अधिनियमाचं कलम 23. अपवाद एवढाच की त्याच्या सांगण्यावरून काही वस्तू सापडली, तर त्या शोधापुरता भाग चालतो. म्हणून "दागिने अमुक जागी पुरलेत, काढून देतो" असं तो पंचांसमोर म्हणाला की आधी निवेदन पंचनामा, मग त्याने दाखवलेल्या जागेवर जप्ती पंचनामा. स्नेहल, "थर्ड डिग्री वापराल का" असं विचारलं तर डोळ्यांत बघून "नाही" म्हण आणि लगेच हे कारण दे. मारून घेतलेल्या कबुलीची कोर्टात किंमत शून्य. शिवाय सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालाने अटकेवेळी काय काय पाळायचं हे ठरवून दिलेलं आहे, त्यातली निदान चार-पाच बंधनं सांगता आली पाहिजेत.

सावंत (ए-102): हद्दीचा प्रश्नही येईल. तक्रारदार दुसऱ्याच ठाण्याच्या हद्दीतला निघाला तर?

अ‍ॅड. शिर्के (सी-302): झिरो एफआयआर. आधी नोंदवायचं, मग हद्दीतल्या ठाण्याकडे वर्ग करायचं. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात त्याची, माहिती असेल तर एफआयआर घ्यायलाच हवा, सुप्रीम कोर्टाचा ललिता कुमारी निकाल, 2013. आता ऑनलाइनही तक्रार देता येते, तीन दिवसांत येऊन सही करायची. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत.

देसाईआजी (बी-103): मला कायद्यातलं कळत नाही, पण एक सांगते. आमच्या वेळी बाई माणूस चौकीत पाऊल टाकायला घाबरायची. समोर तुझ्यासारखी मुलगी बसलेली दिसली तर ती बोलेल तरी. हे सांग त्यांना.

मीनाकाकू (बी-204): आजी, डोळे भरून आले हो.

ओंकार (ए-403): "तुमचा आदर्श पोलीस अधिकारी कोण" हे हमखास विचारतात. सगळे एकच ठरलेलं उत्तर देतात.

कदमकाका (बी-501): नाव कोणाचंही दे, पण तो माणूस तपासात काय करून गेला ते सांगता आलं पाहिजे. मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे घे. कुख्यात सीरियल किलर चार्ल्स शोभराजला त्यांनी 1971 ला मुंबईत पकडलं आणि 1986 च्या एप्रिलमध्ये गोव्यात पर्वरीच्या ओ कोकेरो हॉटेलात पुन्हा पकडलं. पंधरा वर्षांनी तोच चेहरा ओळखला. तुकाराम ओंबळेंचं नाव घेतलंस तर शौर्याच्या पुढे जाऊन बोल. गिरगाव चौपाटीवर त्यांनी रायफल घट्ट धरून ठेवली म्हणून कसाब जिवंत हाती लागला, आणि तो जिवंत होता म्हणून खटला उभा राहिला, कट कुठे शिजला ते कोर्टासमोर आलं. अशोक चक्र मिळालं हे सगळेच सांगतात. तपासाच्या बाजूने त्यांचं मोल किती होतं, हे सांगणारी मुलगी पॅनेलच्या लक्षात राहील.

स्नेहल (बी-204): काका, अंगावर काटा आला. आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर येतच नसेल तर?

कदमकाका (बी-501): "माहीत नाही सर" म्हणायचं. ठोकून द्यायचं नाही. मुलाखतीत उत्तर ठोकून देणारा माणूस उद्या केस डायरीही ठोकूनच लिहील, अशी शंका लगेच येते. मी स्वतः पॅनेलवर असतो तर अशाला एक गुण दिला नसता.

सावंत (ए-102): पटलं कदमसाहेब. मग मॉक इंटरव्ह्यू आपणच घेऊ या का?

कदमकाका (बी-501): रविवारी सकाळी 10 ला क्लबहाऊसमध्ये. मी, शिर्के मॅडम, सावंतसाहेब आणि आजी. आजी फिर्यादी होतील, मंगळसूत्र हिसकावलंय अशी तक्रार घेऊन येतील. स्नेहल, त्यांना खुर्ची द्यायची, पाणी विचारायचं आणि त्यांच्याच शब्दांत फिर्याद लिहून काढायची. कलम कोणतं लागतं ते बघून ये.

स्नेहल (बी-204): हिसकावणं म्हणजे न्याय संहितेचं 304, आधी असं वेगळं कलमच नव्हतं. आणि काका, इजा केली असेल तर जबरी चोरीचं 309 तपासावं लागेल.

अ‍ॅड. शिर्के (सी-302): उत्तम. रविवारी येताना त्या दोन्ही कलमांतला फरक आजींना कळेल अशा भाषेत सांगायची तयारी करून ये.

देसाईआजी (बी-103): मी येते. मंगळसूत्र किती तोळ्यांचं होतं, घडण कशी होती, ते विचारायला विसरू नको हो.